२३० वरून २६५: कोल्हापुरातील एका टर्बो मोटारीची शक्ती वाढवताना

मागील वर्षी मार्चअखेरीस शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचे तरुण मालक आपली स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० घेऊन शिवाजी उद्यमनगरातील माझ्या वर्कशॉपमध्ये आले. २०१७ मध्ये भारतात आलेल्या या मोटारीत १,९८४ घन सेंटिमीटरचे, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असलेले पेट्रोल इंजिन असून निर्मात्याने त्याची कमाल शक्ती २३० अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३५० न्यूटन-मीटर दिलेला आहे. ही गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती आणि ती ६८,००० किलोमीटर धावलेली होती. आठ महिन्यांपूर्वी बाहेरगावच्या एका ट्यूनरने लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात तिच्यात ‘स्टेज वन’ रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्राम, भरला होता आणि ३०० अश्वशक्ती मिळेल असे सांगितले होते. पावसाळ्यात आणि थंडीत गाडीचा पिकअप खरोखरच जोरदार वाटला. उन्हाळा लागला तसे मात्र गगनबावड्याच्या वाटेवर चढाला पूर्ण रेस दिली की ईपीसीचा, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रणातील बिघाडाचा, दिवा लागून गाडी मरगळू लागली. दुसऱ्या एका गॅरेजने टर्बो गेल्याचे निदान करून नव्या टर्बोच्या खर्चाचा अंदाजही दिला होता. “काका, टर्बो बदलायचाच असेल तर मोठाच टाकूया की,” हे त्यांचे पहिले वाक्य होते.

टर्बो गेलेला नव्हता. या प्रकरणाची सविस्तर नोंद करण्याचे कारणही तेच आहे, कारण शक्ती वाढवण्याच्या कामात पैसा बहुतेक वेळा चुकीच्या भागावर खर्च होतो आणि इंजिन ज्या ठिकाणी खरोखर थकलेले असते तिकडे कोणी पाहतही नाही.

नोंदी काय सांगत होत्या

पहिल्या दिवशी मी गाडीचा एकही नट सैल केला नाही. सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण रेस देऊन नोंदी घेण्याची पद्धत मला मान्य नाही, म्हणून गाडी फ्लॅटबेडवर चढवून पुण्यातील रोलर डायनोवर, म्हणजे चाके जागेवरच फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, नेली. पुणे आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ५७० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवेच्या दाबात मिळालेली मोजमापे आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडतात, हा या निवडीचा आणखी एक फायदा होता. चौथ्या गिअरमध्ये तीन वेळा पूर्ण भार दिला आणि प्रत्येक वेळी मागितलेला बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब), प्रत्यक्ष बूस्ट, प्रत्येक सिलिंडरचे मागे घेतलेले इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ), इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान, लॅम्डा (हवा आणि इंधन यांचे प्रमाण) आणि इंधन रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब यांची नोंद घेतली.

चित्र स्पष्ट होते. रिमॅप २.५ बार निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून) मागत होता, प्रत्यक्षात २.२५ च्या वर तो जात नव्हता आणि एक्झॉस्टला टर्बोच्या बाजूने वाट देणारी वेस्टगेट ही झडप पूर्ण बंद असूनही ही तूट राहत होती, म्हणजे टर्बो आपल्या मर्यादेला टेकून फिरत होता. तिसऱ्या सिलिंडरचे टायमिंग ७ ते ८ अंशांनी मागे जात होते, तर बाकीच्या तिघांचे ३ ते ४ अंशांनी. इंधन रेलमध्ये २०० बार दाबाची मागणी असताना इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांच्या पुढे गेले की तो १६५ पर्यंत घसरत होता. आत शिरणारी हवा चाचणीच्या तिसऱ्या फेरीअखेर ६८ अंशांवर गेली होती. चाकांवरची शक्ती पहिल्या फेरीत २१५ अश्वशक्ती होती आणि तिसऱ्या फेरीत ती १९८ वर आली. त्याच दिवशी कंपनीचा मूळ मॅप परत भरून मोजले तेव्हा १९६ मिळाले. म्हणजे इंजिन तापल्यावर आठ महिन्यांच्या त्या रिमॅपचा फायदा दोन अश्वशक्ती उरत होता, आणि तोही नॉकिंग सोसून मिळवलेला.

नॉकिंग म्हणजे नेमके काय, हे मालकांना मी कागदावर काढून दाखवले. प्लगच्या ठिणगीपासून पेटलेली ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने स्वतःहून पेटते, दाबाचा तीव्र धक्का बसतो आणि वारंवार असे झाल्यास पिस्टनच्या रिंगांमधला कडा तुटतो. नॉक सेन्सरला हा ठोका ऐकू आला की कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो आणि इंजिन तात्पुरते वाचते. परंतु टायमिंग मागे गेले की ज्वलन उशिरापर्यंत चालते, एक्झॉस्ट अधिक तापतो आणि ती उष्णता टर्बाइनवर व धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर पडते. “सेन्सर आहे, तो सांभाळून घेतो” असे जे सर्रास म्हटले जाते ते म्हणूनच अर्धवट आहे, कारण सेन्सर पिस्टनवरचे संकट टर्बोकडे ढकलत असतो.

कोल्हापूरची हवा

बाहेरगावी बनवलेला तयार मॅप आपल्याकडे का अडखळतो याचे उत्तर गणितात आहे. समुद्रकिनारी हवेचा दाब सुमारे १.०१ बार असतो, तर कोल्हापुरात तो सुमारे ०.९४५ बार असतो. कॉम्प्युटर निरपेक्ष दाब मागतो, म्हणून २.५ बार गाठण्यासाठी टर्बोला किनाऱ्यावर हवा २.४७ पट दाबावी लागते आणि आपल्याकडे २.६५ पट. टर्बोचा आकार तोच असल्यामुळे ही जास्तीची पट त्याला अधिक फेऱ्यांनी भरून काढावी लागते आणि दाबलेली हवा त्या प्रमाणात अधिक तापते. बाहेर ३८ अंश तापमान आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २.६५ पटीला, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या आधीची हवा सुमारे १८० अंशांवर जाते. मागणी २.२ बारपर्यंत खाली आणली, तर तीच हवा १६० अंशांच्या आसपास राहते. इंटरकूलर तोच असतानाही नुसती मागणी आटोक्यात ठेवल्याने वीस अंश वाचतात, आणि एप्रिल-मेच्या कोल्हापुरात ते वीस अंश फार मोलाचे असतात.

आधी दुरुस्ती

पुण्याहून परतल्यावर दोन आठवडे मॅपचा विषय बाजूला ठेवला. इनटेकमध्ये धूर सोडून पाहिला तेव्हा इंटरकूलरपासून थ्रॉटलकडे जाणाऱ्या पाइपच्या सांध्यातील रबरी सील फाटलेले आढळले. बूस्टची तूट आणि टर्बोवर पडणारा नाहक ताण यांचा मोठा भाग या एका सीलमुळे होता, आणि त्याची किंमत नव्या टर्बोच्या तुलनेत नगण्य होती. प्लग ४०,००० किलोमीटर चाललेले होते, त्यांची गॅप ०.९ मिलिमीटरपर्यंत रुंदावली होती. त्यांच्या जागी एक पायरी थंड प्रतीचे प्लग ०.६५ च्या गॅपने बसवले. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर काजळीचा थर साचतो. हेडचा इनटेक उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर तो सर्वांत जाड दिसला. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून तो साफ केला. याच इंजिनांत थर्मोस्टॅट आणि वॉटरपंपाचे प्लॅस्टिकचे घर झिरपण्याची तक्रार नेहमी येते, आणि येथेही कूलंटचे वाळलेले गुलाबी डाग सापडल्यामुळे ते संपूर्ण बदलले. डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचे असते, ते बदललेले नव्हते.

सर्वांत महत्त्वाची चाचणी लीक-डाउनची होती. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते पाहायचे, एवढेच तिचे स्वरूप आहे. मालकांना ती लगेच पटली, कारण पंपाचे बिडाचे ओतीव भाग पाण्याच्या दाबावर तपासूनच त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडतात आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या ओतकामात आत पोकळी असू शकते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चार सिलिंडरची गळती अनुक्रमे ६, ७, ८ आणि ७ टक्के आली. तिसरा सिलिंडर किंचित मागे असला तरी रिंगा आणि व्हॉल्व्ह निरोगी होते. हा आकडा १५ च्या वर गेला असता, तर मी रिमॅपचे काम घेतले नसते.

पेट्रोलचा प्रश्न

मालक जवळच्या पंपावर साधे पेट्रोल भरत होते. टर्बो इंजिनाची शक्ती वाढवताना ऑक्टेनला, म्हणजे पेट्रोलच्या नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेला, पर्याय नाही, म्हणून आम्ही ९५ ऑक्टेन ही किमान अट ठरवली आणि मॅप त्याहून चांगल्या पेट्रोलावर कधीही अवलंबून राहणार नाही असे लिहून ठेवले. पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या अधिक महाग पेट्रोलासाठी मॅप बेतायचा आणि नंतर प्रवासात मिळेल ते भरायचे, हा मार्ग इंजिन फोडण्याचा आहे.

इथेनॉलचा मुद्दा आपल्या जिल्ह्याला तरी परका नाही, कारण आपल्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून बनलेले इथेनॉल आता टाकीत येते. २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले आणि त्यानंतर २० टक्क्यांकडे वाटचाल झाली. इथेनॉलचे ऑक्टेन उंच असते आणि त्याचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक उष्णता शोषून घेते, म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ते मदतच करते. दुसऱ्या बाजूने पाहता, त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते; त्यामुळे २० टक्के मिश्रणात तेवढ्याच शक्तीसाठी अंदाजे ७ टक्के अधिक इंधन फवारावे लागते. जुन्या रिमॅपमध्ये रेलचा दाब १६५ वर घसरत होता तो याच ठिकाणी, कारण उच्च दाबाचा पंप आधीच कडेला आलेला होता आणि त्यात ही सात टक्क्यांची भर पडली. दाब घसरला की मिश्रण विरळ होते, आणि पूर्ण भारावर विरळ मिश्रण नॉकिंगला आमंत्रण देते. शिवाय २०१७ ची ही मोटार ई-२० (२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल) गृहीत धरून बनलेली नसल्यामुळे इंधनाच्या नळ्या आणि सील दर सहा महिन्यांनी पाहण्याचे ठरवले.

शक्ती कोठे वाढवायची

जूनमध्ये आम्ही पुन्हा डायनोवर गेलो. या वेळी माझ्यासोबत मॅप लिहिणारा एक अनुभवी अभियंता होता आणि आमचा पहिला वाद आकड्यावरून झाला नाही, तर टॉर्क कोणत्या फेऱ्यांवर द्यायचा यावरून झाला.

जुना रिमॅप २,००० फेऱ्यांनाच टॉर्कचा डोंगर उभा करत होता. चालवणाऱ्याला तो सुखावतो, कारण पाठीला धक्का बसतो आणि गाडी जोरदार वाटते. परंतु कमी फेऱ्यांवर पिस्टन सावकाश फिरत असतो, दाब जास्त काळ टिकतो, आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा अत्यंत घातक प्रकार घडू शकतो, ज्यात एका झटक्यात पिस्टन जाऊ शकतो. थेट फवारणीच्या टर्बो इंजिनांतील हा धोका ओळखूनच तेलांच्या प्रतवारीत २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी या श्रेणी आल्या. आम्हीही एसपी श्रेणीचे आणि निर्मात्याची मान्यता असलेलेच तेल वापरले. कनेक्टिंग रॉडवर ताण येतो तो सिलिंडरमधील दाबामुळे, म्हणजे टॉर्कमुळे. शक्ती ही टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकारातून येते, म्हणून खालच्या फेऱ्यांवर टॉर्क आवरून वरच्या फेऱ्यांवर तो घसरू न दिल्यास रॉड, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यावर तेवढा भार न टाकताही शक्ती वाढते. या मोटारीतील सहा गिअरच्या डीएसजीची नाममात्र क्षमता ३५० न्यूटन-मीटर आहे. त्यात काही अवकाश असतो हे खरे असले, तरी तो मोजूनच वापरावा लागतो.

पहिल्या पायरीत मागणी २.१ बार ठेवून टायमिंगला हात लावला नाही. चाकांवर २१४ अश्वशक्ती मिळाली आणि चारही सिलिंडरचे टायमिंग एका अंशाच्या आत राहिले. जुना रिमॅप नॉकिंग करत जे देत होता ते येथे शांतपणे मिळाले, यावरून दुरुस्तीचे मोल मालकांच्या लक्षात आले. दुसऱ्या पायरीत २.२ बार, २,९०० ते ४,५०० फेऱ्यांदरम्यान ४०० न्यूटन-मीटरची कमाल मर्यादा आणि २,५०० च्या खाली जवळजवळ मूळचाच टॉर्क ठेवला. चाकांवर २२६ मिळाले, म्हणजे इंजिनावर अंदाजे २६५. लॅम्डा ०.८४, रेलचा दाब १९५ च्या खाली नाही, टायमिंग कमाल दीड अंश मागे, आणि क्लचच्या घसरणीचे लक्षण नाही.

तिसऱ्या पायरीत २.३५ बार देऊन पाहिले. नऊ अश्वशक्ती अधिक मिळाल्या, पण तिसऱ्या सिलिंडरचे टायमिंग ४ अंशांनी मागे गेले आणि पुढच्याच फेरीत त्या नवांपैकी सहा नाहीशा झाल्या. आम्ही ती पायरी रद्द केली. मालकांचा चेहरा उतरला, ते म्हणाले, “तीनशे होत्यात म्हणून सांगितलं होतं, काका. हे दोनशे पासष्टच झालं.” मी त्यांना जुन्या रिमॅपच्या तिसऱ्या फेरीचा आणि आमच्या दुसऱ्या पायरीच्या तिसऱ्या फेरीचा आलेख एकमेकांवर ठेवून दाखवला. तापलेल्या इंजिनावर फरक १९८ विरुद्ध २२३ असा होता. त्यावर त्यांनी काही उत्तर दिले नाही, पण तिसऱ्या पायरीचा विषय पुन्हा काढला नाही.

कायदा आणि विमा

हा भाग मी काम सुरू होण्यापूर्वीच लेखी दिला होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. खाजगी मोटारीचा नेहमीचा विमा शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण देत नाही. आणि विमा कंपनीपासून लपवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर दावा अडकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याची सूचना मालकांच्या एका मित्राने केली होती, ती मी ऐकूनही घेतली नाही. तो काढल्याने शहराची हवा बिघडते, पीयूसी अवैध ठरते आणि या शक्तीच्या पातळीवर मिळणारा फायदा फार थोडा असतो.

शेवटी असे ठरले की रस्त्यावर गाडी कंपनीच्या मूळ मॅपवरच चालेल आणि २६५ चा मॅप केवळ बंदिस्त ट्रॅकवर, तिथे पोहोचल्यानंतर भरला जाईल. मालक लहानपणी हुपरीजवळच्या ट्रॅकवर कार्टिंग शिकलेले असल्यामुळे ही अट त्यांना जाचक वाटली नाही, उलट वेगाची हौस कोठे भागवायची याचे उत्तर त्यांच्याकडे आधीपासून होते. ब्रेकचे पॅड आणि द्रव बदलले, टायरांची वेगश्रेणी तपासली. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सरळ पट्ट्याच्या शेवटी दहा टक्के जास्त वेग असेल तर ब्रेकना एकवीस टक्के जास्त उष्णता गिळावी लागते.

ट्रॅकवर उघडी पडलेली उणीव

नोव्हेंबरमध्ये आम्ही कोइम्बतूरजवळच्या चेट्टिपालयमला, २.१ किलोमीटरच्या करी मोटर स्पीडवेवर गेलो. पहिले तीन लॅप निर्दोष होते. चौथ्या लॅपला आत शिरणाऱ्या हवेचे तापमान ६१ अंशांवर गेले आणि पाचव्यात तिसऱ्या सिलिंडरचे टायमिंग ३ अंशांनी मागे येऊ लागले. ही चूक माझी होती. डायनोवर दोन फेऱ्यांमध्ये आम्ही मोठ्या पंख्यासमोर तीन-तीन मिनिटे थांबत होतो, आणि ट्रॅकवर अशी विश्रांती मिळत नाही हे मी मोजमापाची पद्धत ठरवतानाच धरायला हवे होते. त्या दिवशी पाच लॅपऐवजी तीन लॅपनंतर एक संथ लॅप घ्यायचा नियम केला. ब्रेकचे पेडल दुपारपर्यंत किंचित मऊ झाले होते; द्रव नवा असूनही पुढच्या पॅडना थंड हवा पुरत नव्हती, हे चाकांच्या रंगावरून कळले.

परतल्यावर मॅपमध्ये तापमानाशी जोडलेली एक मर्यादा घातली, जिच्यामुळे आत शिरणारी हवा ५० अंशांच्या वर गेली की प्रत्येक पाच अंशांमागे मागणी ०.०५ बारने आपोआप उतरते. मोठा इंटरकूलर हा पुढचा स्वाभाविक टप्पा आहे आणि तो बसवल्यावरसुद्धा मी २.२ बारच्या पुढे जाणार नाही, असे मालकांना सांगितले आहे. त्या थंड हवेचा उपयोग आकडा वाढवण्यासाठी न करता पाचवा आणि सहावा लॅप पहिल्यासारखा जावा यासाठी करायचा आहे.

फेब्रुवारीत गाडी ७५,००० किलोमीटरला आली तेव्हा लीक-डाउन पुन्हा घेतले. आकडे ६, ७, ८ आणि ८ आले. इंजिन तेल ५,००० किलोमीटरला बदलले जात आहे, जुने तेल गाळणीतून ओतून धातूचे कण पाहिले जातात, आणि पुढची चाचणी पावसाळ्यापूर्वी, इंटरकूलर बसवण्याच्या आदल्या दिवशी ठेवलेली आहे.